नागपूरच्या सुट्टीला उन्हाळ्याचं वेळापत्रक हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की वर्तमानपत्रांत थंड हवेच्या ठिकाणांच्या पुरवण्या सुरू होतात. महाबळेश्वर, माथेरान, आमच्या बाजूला चिखलदरा नाहीतर पचमढी. ज्यांना जमतं त्यांनी जरूर जावं. पण पुण्या-मुंबईहून रेल्वेनं किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं भर मे महिन्यात नागपूरला येणाऱ्या घरांबद्दल कुणी लिहीत नाही. लेकी माहेरी येतात, भाचरं मामाकडे येतात, आणि नेमका तेव्हाच इथला पारा ४४-४५च्या घरात असतो. आमच्याकडेही सध्या लेक आणि नातवंडं पुण्याहून आली आहेत, म्हणून हे पत्र.

उन्हाळ्यात नागपूरचा दिवस दोन तुकड्यांत जगावा लागतो. साडेपाचला उजाडतं, नऊ-साडेनऊपर्यंत बाहेर फिरता येतं. मग दारं-खिडक्या लावायच्या, कूलरच्या टाकीत पाणी सोडायचं आणि संध्याकाळची वाट पाहायची. दुपारबद्दल मुलांची काही तक्रार नाही. कूलरच्या नव्या ताट्यांचा ओला वास घरभर पसरलेला असतो, धाकटा कूलरच्या जाळीला तोंड लावून लांब सूर काढतो आणि आपलाच आवाज थरथरत ऐकू आला की हसत सुटतो. पत्ते, कॅरम, कैरीचं पन्हं, फ्रीजमधलं टरबूज. रात्री गच्चीवर पाणी मारून गाद्या घातल्या की आजी, मावशी, मामा सगळे एका रांगेत. हे सुख कुठल्याही हिल स्टेशनच्या हॉटेलात मिळायचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

अडचण आहे ती घराबाहेर. जवळच्या एका सार्वजनिक उद्यानात आम्ही संध्याकाळी सहाला गेलो. घसरगुंडी लोखंडी पत्र्याची, पश्चिमेकडून ऊन खात दुपारभर उभी. नात हौसेनं वर चढली, बसली आणि बसल्याबरोबर किंचाळून उठली. मांडीची कातडी लाल झाली होती. मी पत्र्यावर तळहात ठेवून पाहिला, दोन क्षणही ठेववेना. झोपाळ्याच्या साखळ्यांचीही तीच गत. मे अखेरीला इथे सूर्य मावळायलाच पावणेसात होतात, मग पत्रा कधी निवणार? आठनंतर कुठे मुलं निवांत खेळायला लागली, आयाही जरा टेकल्या, तोच रखवालदारानं शिट्टी फुंकली. साडेआठला उद्यान बंद! त्या माणसाला दोष नाही, त्याला जी वेळ दिली ती तो पाळतो. पण ती वेळ ज्यानं ठरवली त्यानं नागपूरचा मे महिना डोळ्यांपुढे ठेवला नव्हता.

संग्रहालयांचंही तेच. सरकारी संग्रहालयं साधारण दहा-साडेदहाला उघडतात आणि पाचच्या सुमाराला मिटतात. म्हणजे ज्या वेळी प्रशासन स्वतःच 'घराबाहेर पडू नका' म्हणून सांगतं, नेमकी तीच वेळ मुलांना घेऊन बाहेर पडायची. मग उरतो तो मॉल. तिथे गारवा आहे, पण आत गेल्यावर खिशात हात घालावाच लागतो, आणि चार मुलं घेऊन ते रोज कुणाला परवडणार? यंदा आम्हाला मेट्रोनं तारलं. सीताबर्डीला गाडी बदलून मुलं लोकमान्य नगरपर्यंत गेली, वाटेत अंबाझरी तलावाच्या बाजूनं जाताना खिडकी सोडायला तयार नव्हती. वर्धा रोडवर खाली महामार्ग, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, हे मोठ्या नातवाला दाखवताना मला फार अभिमान वाटला. तिकिटाच्या पैशात गार डब्यात बसून आख्खं शहर पाहता येतं. येणाऱ्या पाहुण्यांना मी हे आवर्जून सांगतो.

माझी सारी नोकरी रेल्वेत रुळांच्या देखभालीत गेली. लांबच लांब जोडलेले रूळ उन्हानं वाढतात, दुपारी त्यांचं तापमान हवेपेक्षा कितीतरी वर चढतं, आणि वाढायला जागा मिळाली नाही की मार्ग एका बाजूला वाकतो. बकलिंग म्हणतात ते हेच. म्हणून रूळ तापलेले असताना गिट्टी मोकळी होईल असं काम काढायचंच नाही, असा दंडक. ते पहाटे उरकायचं आणि भर दुपारी रुळांवर गस्त घालायची. उन्हाळा आला की कामाच्या वेळा बदलतात आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. लोखंडासाठी आपण हे इतकी वर्षं करत आलो, ते मुलांसाठी का करू नये?

शिवाय राज्यानं हे तत्त्व आधीच मान्य केलेलं आहे. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, विदर्भात महिनाअखेरीकडे, केवळ उन्हामुळे. शाळेला वेगळं वेळापत्रक चालतं, तर उद्यानाला आणि संग्रहालयाला का नाही?

मनुष्यबळ नाही, असं उत्तर येईल याची मला कल्पना आहे. पण एप्रिल ते मध्य जून उद्यानं पहाटे पाच ते दहा आणि संध्याकाळी पाच ते रात्री साडेदहा अशी ठेवली, संग्रहालयं सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ, तर कर्मचाऱ्यांचे तास फारसे वाढत नाहीत, त्यांची दुपार मात्र उन्हातून सुटते. तुटक पाळी रेल्वेत नवी नाही. कर्मचारी लांब राहत असेल तर दुपारी टेकायला एक खोली आणि कूलर द्यावा लागेल, तेवढं करायलाच हवं. संग्रहालयांना रोज जमत नसेल तर निदान शनिवार-रविवारी करून पाहावं. उद्यानात दिवे नीट हवेत, म्हणजे बायका-मुलांना नऊ वाजता बसायला धास्ती वाटणार नाही. दुपारी मात्र झाडाखालचा भाग आणि पिण्याचं पाणी बंद करू नये, कारण रिक्षावाले, हातगाडीवाले, डिलिव्हरीची मुलं यांना तेवढाच आसरा असतो. आणि घसरगुंडीच्या पश्चिमेला दोन कडुनिंब लावावेत. ते वाढेपर्यंत चौकातल्या सिग्नलवर बांधतात तशी हिरवी जाळी वर ताणली तरी पुष्कळ फरक पडेल.

२५ मेपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. पुण्या-मुंबईची मुलं साधारण १० जूनपर्यंत इथे आहेत. संग्रहालयांचं पुढच्या वर्षासाठी ठरवायचं तर मार्चच्या आत ठरावं, पण उद्यानाच्या फाटकावरची वेळ बदलायला एक आदेश पुरे. तो महापालिकेनं याच आठवड्यात काढावा, आणि आपल्या वर्तमानपत्रानं त्याचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी,
अजनी, नागपूर