कातिनची तारीख

कोल्हापूर

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

वॉर्सातलं कातिनचं, म्हणजे रशियातल्या त्या जंगलात गोळ्या घालून पुरलेल्या हजारो पोलिश युद्धकैदी अधिकाऱ्यांचं, संग्रहालय बघून आल्यावर तू फोनवर म्हणालीस, "बाबा, आधी नाझींनी रशियनांवर ढकललं, मग रशियनांनी नाझींवर. दोघंही खुनी. खरं कुणाचं मानायचं?" तुझ्या आवाजात थकवा होता, आणि ते मला फार लागलं. म्हणून सविस्तर लिहितोय.

कोण बोलतंय ते घटकाभर बाजूला ठेव. सगळं भांडण तारखेचं होतं. स्मोलेन्स्कजवळचं ते जंगल १९४१च्या उन्हाळ्यापर्यंत सोव्हिएतांकडे होतं, नंतर जर्मनांकडे गेलं. माणसं १९४०च्या वसंतात मेली असतील, तर मारणारा एकच उरतो. एप्रिल १९४३मध्ये जर्मनांनी खड्डे उघडून गवगवा केला तो दोस्तराष्ट्रांत फूट पाडायला, न्यायाची चाड म्हणून नव्हे. तरी सांगितलं ते खरं होतं. मॉस्कोने १९४४मध्ये बुर्देन्को आयोग बसवून जर्मनांनी १९४१मध्ये मारल्याचं जाहीर केलं. गोळ्या जर्मन बनावटीच्या होत्या, त्याचा त्यांना आधार झाला.

पण मेलेल्यांच्या खिशांचं काय? १९४३मध्ये निघालेल्या पत्रांवर, वर्तमानपत्रांवर, रोजनिशांवर १९४०च्या वसंतानंतरची तारीख नव्हती. घरी येणारी पत्रंही त्याच वसंतात थांबली होती. मेजर आदाम सोल्स्की यांची वही तर वाचवत नाही. ९ एप्रिल १९४०. कैद्यांच्या गाडीतून जंगलात आणलं, सुट्टीच्या बंगल्यासारखी जागा आहे, कसून झडती घेतली. घड्याळ काढून घेतलं, त्यात किती वाजले होते तेही लिहिलंय. अंगठीबद्दल विचारलं. रुबल, पट्टा, चाकू घेतला. तिथे वही संपते. त्या माणसाने अखेरपर्यंत नोंद ठेवली गं.

अर्थशास्त्राचे प्राध्यापक स्तानिस्लाव स्व्यानेविच यांना कातिनजवळच्या ग्निझ्दोवो स्टेशनात बाकीच्यांपासून वेगळं काढलं, म्हणून ते वाचले. डब्याच्या फटीतून त्यांना दिसलं ते एवढंच: खिडक्यांना चुना फासलेली बस डब्याला भिडवायची, कैदी थेट आत घ्यायचे, अर्ध्या तासाने बस रिकामी परत.

मी कोर्टात कारकुनी करतो. फिरलेले साक्षीदार रोज बघतो, पण पोस्टाचा शिक्का फिरलेला पाहिला नाही. म्हणून "खरं कळतच नाही" हे मला पटत नाही. डिसेंबर १९४१मध्ये परागंदा पोलिश सरकारचे पंतप्रधान सिकोर्स्की यांनी या अधिकाऱ्यांबद्दल विचारलं, तेव्हा स्टालिन म्हणाला की ते मांचुरियाला पळाले असतील. त्यांना मारण्याच्या हुकमाचा, त्याच्याच सहीचा ५ मार्च १९४०चा कागद तेव्हा मॉस्कोत पडून होता. १९५९मध्ये केजीबीप्रमुख शेलेपिनने कातिनसह सगळ्या ठिकाणी मारल्या गेलेल्या पोलिश कैद्यांचा आकडा २१,८५७ असा कळवला आणि त्यांच्या फायली नष्ट कराव्यात असं सुचवलं. गोर्बाचेव्हच्या काळात १९९०ला कबुली आली. सहीचे कागद बाहेर यायला १९९२ उजाडलं. पन्नास वर्षं विधवांनी हे उराशी बाळगून काढली, आणि पोलंडमध्ये तर उघड बोलायचीही सोय नव्हती.

आपल्याकडचं एक सांगतो. महावीर गार्डनमधल्या त्या पोलिश स्तंभाजवळून आपण कितीदा गेलोय. १९४३ ते १९४८ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोल राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएतांनी हद्दपार केलेली ही माणसं इराणमार्गे इथवर आली. एप्रिल १९४०मध्ये, तिकडे गोळ्या चालू असतानाच, कैद्यांच्या कुटुंबांना गाड्यांत कोंबून कझाकस्तानला धाडलं होतं. पंचगंगेकाठी मुलं वाढवताना नवऱ्याच्या पत्राची वाट बघणारी एखादी तरी त्यांत असेलच, असं मला वाटत राहतं.

बेलारूसच्या तुरुंगांतून मारलेल्या सुमारे ३,८७० जणांची यादी मात्र अजून बाहेर आलेली नाही. पुन्हा संग्रहालयात गेलीस की तिथल्या लोकांना विचार, त्या घरच्यांनी आता कुठे दाद मागायची. काय म्हणतात ते मला सविस्तर लिही.

तुझा,
बाबा