शिशाच्या शिपायांना चिंच लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या घरांच्या माळ्यांवरून जुने डबे खाली उतरतात. विलायतेतल्या कुणा काका-मामाने कधीकाळी आणलेल्या, टेबलावर खेळायच्या युद्धखेळांच्या धातूच्या मिनिएचर त्यांत हमखास निघतात. २५ ते २८ मिलिमीटर उंचीचे शिपाई, घोडेस्वार, एखादा ड्रॅगन. कुणाची तलवार वाकलेली, कुणाचा रंग उडालेला. मग तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर त्यांनाही चिंच-मीठ चोळले जाते, नाहीतर मोबाइलवर पाहून व्हिनेगरमध्ये बुडवले जाते. कृपा करून हे करू नये.

या जुन्या मिनिएचर बहुधा शिसे, कथील आणि थोडे अँटिमनी यांच्या मिश्रधातूच्या असतात. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात शिशाच्या मिनिएचरवर बंदी आणण्याचे विधेयक चर्चेला आले. पुढे मिनिएचरना त्यातून सूट मिळाली, पण तोवर अनेक उत्पादक कथलाच्या, बिनशिशाच्या धातूकडे वळले होते. म्हणून त्याआधीचा नग हाती आला तर तो शिशाचाच धरून चालावे. कागदावर घासून करडी रेघ उमटते का, ही घरगुती परीक्षा सुचवते तेवढेच, खात्री देत नाही.

शिशाचा वैरी म्हणजे आम्ल. चिंचेत ते असतेच, पण सर्वांत वाईट ॲसिटिक ॲसिड, अर्थात व्हिनेगरमधले आम्ल. त्याची नुसती वाफही पुरते. लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, पुठ्ठा यांतून ती सतत थोडीथोडी सुटत असते. त्यात दमट हवा मिळाली की शिशावर पांढरी भुकटी धरते. लोक तिला बुरशी समजून पुसून टाकतात. ती बुरशी नसून शिशाचा कार्बोनेट, म्हणजे जुन्या रंगाऱ्यांचा सफेदा आहे, आणि विषारी आहे. या क्रियेत ॲसिड संपत नाही, सुटून पुन्हा कामाला लागते. त्यामुळे भाल्याचे टोक, घोड्याचा पाय असे बारीक भाग आतून पोखरले जाऊन एक दिवस हातात तुटून येतात. एकसारखा काळसर करडा थर मात्र निरुपद्रवी असतो, त्याला हात लावू नये. पांढरे दिसेल तेवढेच, हातमोजे घालून, जागा ओली ठेवून दातकोरणीने आणि नायलॉनच्या ब्रशने काढावे. कोरडे घासले की भुकटी नाकात जाते. पाण्यात भिजत ठेवू नये. धुवून लगेच पुसावे आणि केस वाळवायच्या ड्रायरने वाळवावे.

जुना रंग काढायला दोन वाटा आहेत. पहिली ॲसिटोनची. झाकण असलेल्या काचेच्या बरणीत तासभर ठेवले की इनॅमल, ॲक्रिलिक आणि जुना सुपरग्लू तिन्ही सुटतात. पण मिनिएचरखालचा काळा चौकोनी तळ, ढाल, कधी घोडासुद्धा प्लास्टिकचा असतो आणि त्याचा लगदा होतो. म्हणून ते आधी वेगळे करावे. ॲसिटोन चटकन पेट घेते. गॅस, निरांजन, उदबत्ती, काहीही जवळ नको. दुसरी वाट डेटॉलची. ते पाणी न घालता ओतावे आणि २४ तास ठेवावे. नंतर बहुतेक लोक मिनिएचर थेट नळाखाली धरतात आणि तिथेच फसतात: पाणी लागताच सुटलेल्या रंगाची चिकट राळ होते आणि कोरीव कामात गच्च बसते. आधी ताज्या डेटॉलमध्येच जुन्या टूथब्रशने घासावे, सगळा रंग निघाल्यावर मग भांड्यांच्या साबणाने धुवावे. ॲक्रिलिकवर ही युक्ती झकास चालते, जुन्या इनॅमलवर रडतखडत. कॉस्टिक सोड्याच्या वाटेला जाऊ नये, तो कथील आणि शिसे दोन्ही खातो. मोरीत किंवा बेसिनमध्ये यातले काहीच ओतू नये.

वाकलेली तलवार चपट्या पक्कडीला कापड गुंडाळून, एकाच दिशेने, अगदी सावकाश सरळ करावी. शिशाची असेल तर निमूट वळते. कथील जास्त असेल तर वळताना बारीक कुरकुर ऐकू येते. ती आली की थांबावे, पुढचा आवाज तुटण्याचा असतो. तुटलेला हात नुसत्या सुपरग्लूने टिकत नाही, कारण धातूचे वजन जास्त आणि चिकटायला जागा टीचभर. तिथे खिळीच हवी, म्हणजे दोन्ही तुकड्यांत शिरणारी बारीक तार. एका तुकड्याच्या मध्यावर रंगाचा ठिपका देऊन दुसऱ्यावर दाबला की भोकाची जागा नेमकी मिळते. हातड्रिलने एक मिलिमीटरचे भोक, चार-पाच मिलिमीटर खोल. शिसे मऊ असल्याने ड्रिलच्या खाचा भरतात आणि पाते आतच मोडते. दर दोन फेऱ्यांनी बाहेर काढून पुसावे. मग पितळी तार आणि अराल्डाइट. फटी एम-सीलने भराव्यात. सोल्डरिंग आयर्न लावायचा मोह टाळावा. शुद्ध शिसे ३२७ अंशांना वितळते, कथील मिसळलेले त्याच्याही आधी. तलवारीचा थेंब व्हायला क्षण लागत नाही.

धातूवर प्राइमर नसेल तर रंग नखाने निघतो. मोटारीचा स्प्रे प्राइमर चालतो: २० ते २५ सेंटिमीटरवरून, पातळ, तुटक हात. आपल्या बडोद्याच्या हवेत मात्र वेळ पाहावी. श्रावणात मारला तर दमटपणाने पृष्ठभाग पांढुरका, धुरकट होतो. मेच्या दुपारी थेंब हवेतच सुकून रेतीसारखे बसतात. दिवाळीनंतरच्या, दव ओसरलेल्या सकाळी उत्तम. पावसाळ्यात करायचेच असेल तर ब्रशने लावावा. पुढे ॲक्रिलिकचे दोन-तीन पातळ थर. कापडावरचे रंग नकोत, रबरासारखे सोलून येतात. शेवटी आधी चकचकीत आणि त्यावर मॅट वार्निश.

एक अपवाद. विलायतेतल्या विल्यम ब्रिटन यांच्या खेळण्यांच्या कारखान्याने १८९३ पासून काढलेले पोकळ ओतकामाचे शिपाई घरात निघाले तर ते रंगवूच नयेत. संग्राहकांच्या लेखी किंमत मूळ रंगाला असते, तो कितीही उडालेला असो. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. ब्रश उचलण्याआधी तिथल्या जाणकारांना विचारलेले बरे.

मुलांच्या किल्ल्यावर मात्र हे शिपाई अजिबात मांडू नयेत, तिथे मातीचे मावळेच शोभतात. ओल्या मातीत शिसे झिजते, धाकटी भावंडे हाती लागेल ते तोंडात घालतात, आणि दिवाळीनंतर तीच माती आपण तुळशीच्या कुंडीत टाकतो.

ठेवायला घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा आणि सिलिका जेलची पुडी पुरे. आत पुठ्ठा, कापूस किंवा लाकडी खण नको. डबा सागवानी कपाटात न ठेवता लोखंडी कपाटात ठेवावा आणि पावसाळा संपला की एकदा उघडून भाल्यांची टोके आणि घोड्यांचे पाय पाहावेत.

आपला नम्र,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे