बाळाच्या दुपट्यासाठी घेतलेल्या दोऱ्यात अठरा गाठी: तक्रार पत्र

विलेपार्ले (पूर्व), मुंबई
दिनांक: १२ ऑगस्ट २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: 'बाळांसाठी खास' म्हणून विकलेल्या सुती दोऱ्यातील गाठी, एकाच पाकिटातले वेगवेगळे लॉट आणि कमी भरलेलं वजन

महोदय / महोदया,

तुमच्या ग्राहक सेवेचं चार ओळींचं उत्तर मला २ ऑगस्टला मिळालं. गुंड्यात जोडगाठी असणं उत्पादनात स्वाभाविक आहे, असं त्यात म्हटलं आहे आणि पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचं कूपन दिलं आहे. ते कूपन मी वापरणार नाही. काय घडलं ते फोनवर मला नीट सांगता आलं नाही, समोरची मुलगी मध्येच थांबवत होती, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे. कृपया पूर्ण वाचावं.

२४ मे रोजी दादर पश्चिमेच्या एका दुकानातून मी तुमच्या दोऱ्याचं दहा गुंड्यांचं बंद पाकीट घेतलं. चार पदरी, शंभर टक्के सुती, फिकट पिस्ता रंग, प्रत्येक गुंडा ५० ग्रॅम, पाकिटाची किंमत १,६५० रुपये. पाकिटावर पाळण्याचं चित्र आहे. माझ्या भाचीला तेव्हा सातवा महिना संपत आला होता आणि आमच्या घरात बाळंतविड्यातलं दुपटं विकत आणत नाहीत. गिरगावच्या चाळीत माझी आई दुपारची कामं आवरली की खिडकीशी बसून क्रोशा करायची. टोपडं, पायमोजे, दुपटं, ताटावरचे रुमाल, रेडिओवरचा रुमाल, सगळं तिच्या एका सुईतून निघालं. मला तिनेच दहाव्या वर्षी साखळी घालायला शिकवलं. पुढे फोर्टला बँकेत नोकरीला लागल्यावर तीस वर्षं लोकलच्या लेडीज डब्यात बसायला जागा मिळाली की माझ्या पिशवीतून सुई आणि गुंडा बाहेर यायचा. हे सांगायचं कारण एवढंच, की तुमच्या प्रतिनिधीने मला विचारलं, "मॅडम, विणताना दोरा जास्त ओढला गेला असेल का?" माझा हात किती घट्ट आहे आणि किती सैल, हे मला ठाऊक आहे.

दुपट्याला मी अननसाची नक्षी घेतली. तीन मिलिमीटरची सुई, मध्यापासून सुरुवात, बेचाळीस फेऱ्या, तयार झाल्यावर साधारण ऐंशी सेंटिमीटर. या नक्षीत शिंपल्यांचे दाट खांब, म्हणजे जवळजवळ घातलेले उभे टाके, असतात आणि त्यांच्यामध्ये साखळ्यांची मोकळी जाळी असते. मुंबईच्या पावसाळ्यात जन्मणाऱ्या बाळाला जाड लोकर नको, हवा खेळती राहील असं सुती जाळीदार दुपटंच हवं, म्हणून ही निवड. जून महिनाभर रोज दोन-अडीच तास मी त्यावर बसले.

पहिला गुंडा नीट गेला. दुसऱ्यात तीन गाठी निघाल्या. तिसऱ्यात पाच. वापरलेल्या आठ गुंड्यांत मिळून सतरा गाठी मला दिसल्या, आणि एक दिसली नाही.

गाठ का चालत नाही हे तुमच्या कारखान्यातल्या माणसांना कोणी सांगितलेलं नसावं. क्रोशाच्या जाळीत काही लपवायला जागा नसते. दोरा जोडायचाच झाला तर आम्ही तो शिंपल्याच्या दाट खांबांत जोडतो. जुन्या आणि नव्या दोऱ्याची चार-चार इंचांची टोकं ठेवतो आणि मग शिवणाच्या सुईने ती खांबांच्या पोटातून एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा एकदा पुढे अशी ओवून घेतो. असा जोड दिसत नाही आणि धुण्यात निघत नाही. आईने विणलेला एक टेबलक्लॉथ माझ्याकडे आहे, त्यातला एकही जोड आजवर सुटलेला नाही. तुमची गाठ मात्र जाळीच्या मधोमध येते. ती आली की मागच्या शिंपल्यापर्यंत उसवायचं, गाठ कापून टाकायची, दोरा तिथे नव्याने जोडायचा आणि उसवलेलं पुन्हा विणायचं. सतरा गाठी म्हणजे सतरा वेळा हे, आणि शेवटी ओवायला चौतीस टोकं. शेवटच्या फेऱ्या इतक्या मोठ्या असतात की एका गाठीपायी अर्धी संध्याकाळ जाते. स्वेटर विणायची यंत्रं कधीची आली, पण क्रोशा आजही माणसाच्या हातानेच होतो. आंध्रातल्या नरसापूरच्या बायकांची क्रोशा लेस घ्या, जिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, किंवा माझ्यासारखीचं घरातलं दुपटं घ्या, त्यातला प्रत्येक टाका कोणाच्या तरी बोटांतून गेलेला असतो. तुमच्या दृष्टीने स्वाभाविक असलेली ती गाठ सोडवायचं काम आमच्या बोटांवर येतं.

तरी सतरा गाठींसाठी मी हे पत्र लिहिलं नसतं. मी चिडले असते, दुसरा दोरा घेतला असता आणि विषय संपला असता.

अठरावी गाठ मला दिसली नाही. तिची टोकं दोन-दोन मिलिमीटरवर कापलेली होती, रंगात रंग मिसळला होता आणि ती साखळीच्या टाक्यात गेली. एवढ्या गाठी निघाल्यावर मी प्रत्येक हात दोरा बोटांत धरून तपासत होते, तरीही ती निसटली. दुपटं देण्याआधी मी हाताने धुतलं, चटईवर ताणून टाचण्या लावून वाळवलं, म्हणजे जाळी उघडते आणि अननस नीट दिसतात. तेव्हा गाठ टिकली. २० जुलैला ठाण्याला बारसं झालं. २७ जुलैला भाचीने दुपटं दुसऱ्यांदा धुतलं, तुमच्या लेबलवर लिहिलं आहे तसंच, कोमट पाण्यात, न पिळता. त्या धुण्यात गाठ निघाली. साखळीचे टाके सुटले आणि त्या जागी सैल दोऱ्याचा फास उरला. वरच्या फेरीचा मुका खांब, म्हणजे आखूड टाका, ज्या साखळीवर उभा होता तीच गेल्यामुळे तोही लोंबू लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाळ रडत होतं. दूध घेईना, शांत होईना. भाचीने दुपटं बाजूला केलं तेव्हा उजव्या पायाच्या अंगठ्याभोवती दोरा गुंडाळला गेला होता. बाळ पाय झाडत होतं तसा तो आवळत होता. तिने नखं कापायच्या कात्रीने तो कापला. अंगठ्यावर लाल वळ उठला होता, तासाभरात तो गेला. बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. केस किंवा दोरा तान्ह्या मुलांच्या बोटाभोवती असा गुंडाळला जातो, वेळेत लक्षात आलं नाही तर रक्तपुरवठा थांबून बोटाला कायमची इजा होऊ शकते, बाळ उगाच रडत असेल तर हातापायांची बोटं आधी पाहायची, असं त्यांनी सांगितलं. आमचं बाळ बरं आहे. पण ते दुपटं माझ्या हातचं होतं. भाची एका शब्दाने बोलली नाही, उलट मलाच समजावत राहिली, आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

हे सगळं मी तुमच्या प्रतिनिधीला फोनवर सांगितलं होतं. तुमच्या चार ओळींत बाळाचा उल्लेखही नाही.

दुरुस्तीसाठी मी पाकिटातला उरलेला गुंडा काढला. भोक बुजवलं, ट्यूबलाइटखाली ठीक वाटलं. सकाळी गॅलरीत उजेडात पाहिलं तर नवा तुकडा पिवळट दिसत होता. तेव्हा मी सगळ्या गुंड्यांच्या कागदी पट्ट्या जुळवून पाहिल्या. पाकिटाच्या बाहेर एकच लॉट क्रमांक आहे. आतल्या दहापैकी सात पट्ट्यांवर तो आहे, तिघांवर वेगळाच. एकाच शेडचा दोरा दोन वेगवेगळ्या वेळी रंगवला की रंगात थोडा फरक पडतोच, म्हणून तर विणणारी बाई लॉट पाहून लागेल तेवढा दोरा एकदम घेते. मी बाहेरचा क्रमांक पाहिला, बंद पाकीट फोडून आतली प्रत्येक पट्टी पाहिली नाही. ते मी करायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल, तर बाहेर क्रमांक छापता कशाला? आता लक्ष देऊन पाहिलं तर शेवटच्या तीन फेऱ्यांचा रंगही वेगळा आहे, अख्ख्या दुपट्याला कडेने पिवळसर पट्टा.

वजनाचंही लिहिते. पार्ल्यात मुंबई ग्राहक पंचायतीच्या सामूहिक खरेदीच्या वाटपाला मी आईबरोबर जात असे, वजन पाहून घ्यायची सवय तिथलीच. माझ्याकडे गुरुवारी चार जणी क्रोशा शिकायला येतात. त्यांतल्या एकीने गणपतीच्या मखरासाठी तोरण करायला तुमच्याच पांढऱ्या दोऱ्याचं दहाचं पाकीट घेतलं होतं, मी सुचवलं म्हणून. ते न उघडलेले गुंडे आम्ही ओळखीच्या सराफाकडे नेऊन मोजले. कागदी पट्ट्या काढून दहा गुंड्यांचं वजन ४५१ ग्रॅम भरलं, असायला हवं ५००. तुमच्या प्रतिनिधीचं म्हणणं, हवेतली ओल कमी झाली की सुताचं वजन घटतं. हे खरं आहे, पण ते तुमच्या विरुद्ध जातं. सूत हवेतली ओल शोषतं, व्यापारात कापसाची ओल ८.५ टक्के गृहीत धरतात ती हवेतली आर्द्रता ६५ टक्के असताना. आम्ही वजन केलं ते जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, मुंबईत, भर पावसात. या हवेत वजन भरलं तर जास्तच भरायला हवं. वेष्टनावर लिहिलेलं निव्वळ वजन बरोबर असणं हा वैधमापन शास्त्राच्या २०११ च्या नियमांचा भाग आहे, तो तुम्हाला मी सांगायला नको. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या तोरणातही गाठी निघाल्या. तोरणात गाठ सुटली तर एक फूल लोंबेल. दुपट्यात सुटली तर काय होतं ते वर लिहिलं आहे.

माझं मागणं पैशांचं नाही असं मी म्हणणार नाही. दोन्ही पाकिटांचे मिळून ३,३०० रुपये परत हवेत, दोन्ही बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. माझ्या महिन्याभराच्या कामाची किंमत मी लावत नाही, कारण ती तुम्ही देऊ शकणार नाही. पण पैसे परत करून विषय मिटवू नका. पाळण्याचं चित्र छापलेल्या पाकिटातले सगळे गुंडे सलग दोऱ्याचे असले पाहिजेत. ते जमत नसेल तर ते चित्र काढा, आणि या गुंड्यात जोडगाठी आहेत असं पट्टीवर ठळक छापा, म्हणजे घेणारी तो दोरा तोरणाला वापरेल, रुमालाला वापरेल, बाळासाठी घेणार नाही. त्या लॉटची उरलेली पाकिटं दुकानांतून परत मागवा. दादरच्या त्याच दुकानात ५ ऑगस्टला मी गेले होते, काउंटरवर ती अजून होती. एक बाई, बहुधा होणारी आजी, गुलाबी पाकीट हातात घेऊन पाहत होती. मी तिला थांबवलं. दुकानदाराला ते आवडलं नाही, त्याचा धंदा आहे, पण त्यालाही मी सगळं सांगितलं.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावं. न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. या कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते आणि एवढ्या छोट्या रकमेला शुल्कही लागत नाही. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादकाचं दायित्व काय, हेही त्याच कायद्यात आहे. निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे.

पट्ट्यांचे, पाकिटाचे, वजनकाट्याचे आणि सुटलेल्या जागेचे फोटो सोबत आहेत. कापून टाकलेल्या सतरा गाठीही मी एका डबीत ठेवल्या आहेत, त्या मागितल्यास पाठवीन. दुपटं मात्र कुरिअरने पाठवणार नाही. दुरुस्तीचा तुकडा उसवून, भोक आहे तसंच ठेवून, ते मी कपाटात ठेवलं आहे. तुमच्या कोणा जाणकार माणसाला पाहायचं असेल तर त्याने दुपारी तीननंतर घरी यावं. मी ते उजेडात उलगडून दाखवीन.

आपली ग्राहक,
विलेपार्ले (पूर्व)