धाब्याखालची झोप

धुळे

प्रिय सुधाकर,
स. न. वि. वि.

यावलकडच्या आशाताईंना, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांना, भूकंपानंतर मनाला आधार कसा द्यायचा ते शिकवायचं, असं तू लिहिलंस. फार बरं वाटलं.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झाला. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती, आणि दगडमातीच्या भिंती, वरचं जड माळवद अंगावर आलं. म्हणून अशी भीती रात्रीला, झोपेला, छताला चिकटते. आपल्याकडे मातीची धाबी, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं, अजून आहेत, तेव्हा आपल्या माणसांचंही तेच होईल.

पहिले काही दिवस पाणी, निवारा आणि हरवलेल्यांचा पत्ता, हेच मनाचं औषध. "काय काय झालं ते सांगा" असं कुणाला खोदून विचारू नये. त्याने जखम उलट चिघळू शकते. कुणी आपणहून बोललं तर ऐकावं. हादरे अजून येतील, हळूहळू कमी होतील, पण तारीख कुणीच सांगू शकत नाही, हे खरं सांगावं.

घर इंजिनिअरने पाहून राहण्याजोगं ठरवलं, तरी माणूस खळ्यातच बाज टाकतो. खरं काम इथून सुरू होतं. आधी दिवसा उंबऱ्यावर उभं राहायचं, मग आतल्या खोलीत चहा, मग दुपारी पडायचं, मग रात्र. दर पायरीला भीतीला शून्य ते दहा गुण द्यायला सांग. नऊवर असताना बाहेर पडू नको, असं समजाव. चार-तीनवर उतरेपर्यंत थांबायला सांग. भर भीतीत बाहेर धावला तर "पळालो म्हणून वाचलो" हेच मन शिकतं. पण पायरी कुठली, केव्हा, हे त्यानेच ठरवायचं. घरचे घाईने ओढून आत नेतात, तिथेच बिघडतं.

बारीक लक्ष दे: माणूस आत झोपतो, पण पायात चपला, दार सताड उघडं, नजर लटकत्या बल्बवर. हे आधारही एकेक करून सुटायला हवेत. उशाशी बॅटरी मात्र राहू दे, आणि डोक्यावरच्या फळीवरची ट्रंक खाली काढ. ती सावधगिरी आहे.

तुर्कस्तानात १७ ऑगस्ट १९९९ च्या भूकंपानंतर मानसोपचारतज्ज्ञ मेतीन बाशोलू यांच्या चमूने हीच वाट धरली. पुढे त्यांनी भूकंपासारखी हलणारी खोलीही वापरली. ती थांबवायचं बटण बसणाऱ्याच्याच हाती. ताबा हातात आला की भीती ओसरते, माझा यावर पूर्ण विश्वास आहे.

ज्याचं माणूस गेलं, त्याला या पायऱ्या पुरणार नाहीत. त्याच्याशेजारी बसायचं, दहावं-तेरावं होऊ द्यायचं.

मुलं अंथरुण ओलं करतील, भूकंप-भूकंप खेळतील. रागावू नये, शाळा लवकर भरवावी.

महिना उलटूनही तीच स्वप्नं, दचकणं, वाढती दारू असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठव. झोपेच्या गोळ्या परस्पर देऊ नयेत, सवय लागते. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर त्याच दिवशी सिव्हिलला, एकटं न सोडता. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर प्रत्येक आशाताईला लिहून दे.

शिकवण्याच्या दोन तासांतला एक तास पायऱ्यांच्या सरावाला ठेव. आशाताईंनी आपसात जोड्या लावून करून पाहावं.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलास