सलग बसमार्ग मधेच तोडण्यापूर्वी प्रवाशांची सुनावणी घ्यावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

टेकडीवरील गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीतून निघणारी आणि गावठाण, रेल्वे स्थानक, मंडई असे थांबे घेत जिल्हा रुग्णालयापर्यंत जाणारी शहर बस येत्या महिन्यापासून रेल्वे स्थानकापर्यंतच धावेल व पुढे जाणाऱ्यांनी तेथे दुसरी बस धरावी, असे आपल्या शहराच्या परिवहन उपक्रमाने ठरविले आहे. त्याशिवाय ही बस गावठाणातील जुन्या रस्त्याऐवजी नव्या शंभर फुटी रस्त्याने वळविण्यात येणार आहे आणि मोठ्या गाडीच्या जागी मिडी बस येणार आहे. एवढे तीन बदल एकाच दिवशी होणार असल्याचे आम्हाला कळले ते बसच्या मागच्या काचेवर चिकटविलेल्या एका कागदावरून. त्यावर जावक क्रमांक होता, कारण मात्र नव्हते. वसाहतीतील व गावठाणातील रहिवाशांचा या बदलाला विरोध का आहे, हे आपल्या दैनिकामार्फत मांडू इच्छितो.

आगारात चौकशी केल्यावर तोंडी सांगण्यात आलेली कारणे अशी, की या मार्गाचे प्रति किलोमीटर उत्पन्न कमी आहे, मंडईच्या वळणावर गाड्या अडकून वेळापत्रक कोलमडते, आणि नदीपलीकडे उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींसाठी गाड्या हव्या आहेत. यांपैकी तिसरे कारण आम्हाला पूर्ण मान्य आहे. नदीपलीकडच्या लोकांनाही बस मिळालीच पाहिजे आणि त्यांच्याशी आमचे काही भांडण नाही. मात्र केंद्र सरकारच्या नगरविकास खात्याने सार्वजनिक वाहतुकीसाठी ठरविलेल्या सेवा-मानकांत दर हजार लोकसंख्येमागे किमान ०.६ बस असणे ही सर्वांत चांगल्या सेवेची पातळी मानली आहे. शहर वाढते आणि गाड्या तेवढ्याच राहतात, तेव्हा एका वस्तीची गाडी काढून दुसरीला देण्याला मार्गांचे सुसूत्रीकरण म्हणणे धाडसाचे आहे.

उत्पन्नाचा मुद्दा थोडा सविस्तर पाहावा लागेल. एसटीच्या वाहतूक शाखेत नोकरी झाल्यामुळे भारमानाचे, म्हणजे गाडी किती भरलेली धावते याचे, तक्ते मी बराच काळ हाताळले आहेत, आणि ते तक्ते वाचण्यात कोणती चूक सर्रास होते हेही मला ठाऊक आहे. आमच्या मार्गाचे टप्प्याटप्प्याने भारमान काढले, तर मंडई ते जिल्हा रुग्णालय या शेवटच्या तुकड्यात गाडी निम्मी रिकामी दिसणार, हे उघड आहे. कोणत्याही मार्गाच्या टोकाला तसेच दिसते. परंतु त्या तुकड्यात बसलेले प्रवासी कोठून चढले, हे त्या टप्प्याच्या आकड्यात दिसत नाही. त्यांतले बहुतेक टेकडीवरून किंवा गावठाणातून आलेले असतात, म्हणजे ज्या पहिल्या तुकड्यात गाडी भरलेली दिसते, ती भरण्यात त्यांचाही वाटा असतो. शेवटचा तुकडा तोडल्यावर हा प्रवासी फक्त त्या तुकड्याचे भाडे बुडवून थांबत नाही. स्थानकावर उतरून पुन्हा रांग लावण्यापेक्षा तो वसाहतीच्या कमानीपासूनच शेअर रिक्षा धरतो आणि त्याचे संपूर्ण तिकीट जाते. मग काही महिन्यांनी पहिल्या तुकड्याचेही भारमान घसरते आणि उरलेला मार्ग तोट्यात असल्याचे दाखविणारा नवा तक्ता तयार होतो. वाहकाच्या तिकीट यंत्रात प्रत्येक तिकिटाचा चढण्याचा व उतरण्याचा थांबा नोंदलेला असतो. त्यामुळे सलग प्रवास करणारे किती, हे शोधण्यासाठी नव्या सर्वेक्षणाचीही गरज नाही, असलेली नोंद उघडून पाहिली तरी पुरे.

बस बदलण्यात काय एवढे बिघडते, असा प्रश्न एका अधिकाऱ्याने आमच्या शिष्टमंडळाला विचारला. समजा, वसाहतीची गाडी दर वीस मिनिटांनी आणि स्थानकावरून रुग्णालयाकडे जाणारी दर अर्ध्या तासाने आहे. दोन्ही गाड्या घड्याळाबरहुकूम धावल्या, तर स्थानकावर सरासरी पंधरा मिनिटे जास्तीची थांबावी लागतील. गाड्या अनियमित असतील, आणि त्या तशा असतात, तर ही सरासरी आणखी वाढते. वाहतूक नियोजनात थांब्यावर वाट पाहण्यातले एक मिनिट बसमध्ये बसलेल्या सुमारे दोन मिनिटांच्या तोलाचे धरण्याची पद्धत आहे, कारण उभ्याने, उन्हापावसात, गाडी येणार की नाही या अनिश्चिततेत काढलेला वेळ माणसाला तेवढा जड जातो. कागदावर पंधरा मिनिटांचा दिसणारा फरक प्रवाशाच्या लेखी अर्ध्या तासाचा होतो तो असा. शिवाय स्थानकाबाहेरचा थांबा रस्त्याच्या पलीकडे आहे आणि तेथे शेड नाही.

भाड्याचेही तसेच. टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या भाड्यात प्रवास मधे तोडला की पहिल्या टप्प्याचे भाडे पुन्हा भरावे लागते. पुण्यात १ जून २०२५ पासून पहिल्या पाच किलोमीटरला १० रुपये आणि पाच ते दहा किलोमीटरला २० रुपये असे दर आहेत. त्या दरांनी नऊ किलोमीटरचा सलग प्रवास २० रुपयांत होतो; तोच सहा आणि तीन किलोमीटर असा दोन गाड्यांत केला, तर ३० रुपये पडतात. मुंबईत जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवर आणले गेले होते, ते ९ मे २०२५ पासून १० रुपये झाले. किमान भाडे जितके चढे, तितका बस बदलण्याचा दंड मोठा, हे गणित प्रत्येक शहराला लागू आहे. आपल्याकडे दोन गाड्यांना चालेल असे एक तिकीट नाही. मासिक पास काढणाऱ्याला ही झळ कमी लागेल; परंतु महिन्यातून चार-सहा वेळा रुग्णालयात जाणारी वृद्ध व्यक्ती पास काढत नाही आणि घरकामासाठी जाणाऱ्या अनेक बायका पासाची रक्कम एकदम भरू शकत नाहीत.

या मार्गावर कोण प्रवास करते, हे निर्णय घेणाऱ्यांनी पहाटेच्या पहिल्या गाडीत बसून पाहावे. गावठाणातल्या भाजीवाल्या बायका पहाटे मंडईत जाऊन माल घेतात आणि उजाडेपर्यंत दोन-दोन पाट्या घेऊन परततात. वाहक त्यांच्याकडून सामानाचे तिकीट घेतो, पाट्या मागच्या दारापाशी सरकवून दिल्या जातात आणि गावठाणाच्या चौकात दोन माणसे हात लावून त्या उतरवतात. नव्या रचनेत या बायकांनी मंडईत चढायचे, स्थानकावर पाट्यांसह उतरायचे, रस्ता ओलांडायचा, पुन्हा चढायचे आणि तेही सामानाला मोकळी जागा नसलेल्या मिडी बसमध्ये. त्यानंतर ती गाडी गावठाणात येणारच नाही. शंभर फुटी रस्त्यावरून पाट्या डोक्यावर घेऊन चढण चढायची. टेम्पो परवडत असता, तर त्यांनी तो कधीच केला असता. डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णांबद्दल वेगळे लिहीत नाही. जाताना ते कसेबसे बस बदलतीलही, येताना त्यांची अवस्था काय असते, हे ज्याच्या घरात असा रुग्ण आहे त्याला माहीत आहे.

शंभर फुटी रस्ता रुंद आहे, त्यावरून गाडी लवकर जाते, हे खरे. ती लवकर जाते, कारण दोन्ही बाजूंना कुंपणभिंती आहेत आणि चढायला कोणी नाही.

सलग मार्ग तोडून सगळ्यांनी मोठ्या स्थानकांवर गाडी बदलावी, ही योजना कागदावर नेहमीच नीटनेटकी दिसते. चिली देशाच्या राजधानीत, सांतियागोमध्ये, १० फेब्रुवारी २००७ रोजी संपूर्ण शहराचे बसमार्ग एका दिवसात अशाच मुख्य आणि पूरक मार्गांत विभागले गेले. थांब्यांवर प्रचंड रांगा लागल्या, मेट्रो ओसंडून वाहू लागली आणि राष्ट्राध्यक्ष मिशेल बाचेलेत यांना जनतेची जाहीर माफी मागावी लागली. पुढे तेथे गाड्या वाढवाव्या लागल्या आणि अनेक मार्ग पुन्हा लांबवावे लागले. आपले शहर त्या मानाने लहान आहे, पण रातोरात बदल करण्याची हौस तीच दिसते.

येथे कंत्राटाविषयीही लिहिणे भाग आहे. अलीकडे बहुतेक शहरांत खासगी पुरवठादाराच्या गाड्या किलोमीटरच्या दराने घेतल्या जातात. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेली पीएम ई-बस सेवा योजनाही याच पद्धतीची आहे. या पद्धतीत पुरवठादाराला धावलेल्या किलोमीटरचे पैसे मिळतात, आणि गाडीत चाळीस माणसे आहेत की चार, याने त्याला फरक पडत नाही. म्हणून प्रवाशांचा विचार करण्याची सगळी जबाबदारी उपक्रमावरच येते. उपक्रमानेही किलोमीटरचाच हिशेब धरला, तर प्रवाशाचा विचार करणारे कोणीच उरत नाही.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ग) नुसार, जनतेवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व तथ्ये सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असतात आणि कलम ४(१)(घ) नुसार, बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणे द्यावयाची असतात. त्यासाठी नागरिकाने अर्ज करण्याचीही आवश्यकता नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात परिवहन समितीची तरतूद आहे ती असे विषय लोकप्रतिनिधींसमोर यावेत यासाठीच. राज्यातील अनेक महापालिकांचा कारभार २०२२ नंतर बराच काळ प्रशासकांच्या हाती राहिल्याने असे निर्णय टिपणीवर सही करून घेण्याची सवय लागली असावी, असे आमचे मत झाले आहे.

विरोध करतो आहोत, म्हणून पर्याय सुचविण्याची जबाबदारीही आम्ही टाळत नाही. गाड्या खरोखरच कमी असतील, तर एक आड एक फेरी स्थानकापर्यंत ठेवावी आणि उरलेल्या फेऱ्या रुग्णालयापर्यंत जाऊ द्याव्यात. पहाटेच्या फेऱ्या आणि बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेतील फेऱ्या मात्र सर्व सलग असाव्यात. गावठाणाचा रस्ता सोडू नये. मिडी बस आणायचीच असेल, तर ती दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी धावावी. मंडईच्या वळणावर गाड्या अडकतात त्या तेथे दुहेरी रांगेत उभ्या राहणाऱ्या मोटारींमुळे. वाहतूक पोलीस आणि अतिक्रमण विभाग यांनी सकाळ-संध्याकाळ ते दोनशे पावलांचे अंतर मोकळे ठेवले, तर वेळापत्रक बऱ्याच अंशी सावरेल. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात रस्त्यावरील जागेचे वाटप वाहनांऐवजी माणसांचा विचार करून व्हावे, असे म्हटले आहे. चाळीस माणसांची बस चार मोटारींसाठी मार्गच बदलते, हे त्या धोरणाच्या नेमके उलट आहे. बस बदलणे अगदीच अटळ असेल, तेथे निदान तासाभरासाठी दोन्ही गाड्यांत चालेल असे एक तिकीट आधी सुरू करावे आणि स्थानकाच्या थांब्यावर शेड बांधावी. मार्ग त्यानंतर बदलावा.

या सर्व बाबींवर परिवहन उपक्रमाने टप्पानिहाय तिकीट नोंदी प्रसिद्ध करून जाहीर सुनावणी घ्यावी आणि तोपर्यंत सध्याचा मार्ग कायम ठेवावा, अशी आमची मागणी आहे. सुनावणी मुख्यालयात कामाच्या वेळी न ठेवता वसाहतीतील समाजमंदिरात सायंकाळी सातनंतर ठेवावी आणि तिची सूचना या मार्गावरील प्रत्येक थांब्यावर किमान पंधरा दिवस आधी लावावी. भाजीवाल्या बायका त्या वेळेपर्यंत घरी परतलेल्या असतात.

आपला विश्वासू,
वसाहत व गावठाण येथील रहिवाशांच्या वतीने एक प्रवासी