रबराला व्हॅसलीन चोळू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मालवणच्या समुद्रात कॅमेरा घेऊन उतरणाऱ्यांसाठी सूचना छापून आल्या होत्या. त्यातल्या दोन वाचल्या आणि हातातला चहा निवला. एक, 'झाकणाच्या रबराला थोडं व्हॅसलीन चोळावं.' दुसरी, 'इकडचं पाणी फार खारट असल्यामुळे कॅमेरे टिकत नाहीत.' नाताळची गर्दी तोंडावर आहे आणि लोक असली कात्रणं खिशात घालून येतात, म्हणून हे पत्र.

मी मालवणात गेली ३१ वर्षं होड्यांची आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करतो. कॅमेऱ्यातलं मला काही कळत नाही. मी फोटो काढला तर त्यात माझं बोट हमखास येतं. पण ओ-रिंग, म्हणजे जोडातून पाणी आत येऊ न देणारं गोल रबर, कळते. इंजिनाच्या गिअरकेसमध्ये पाणी शिरलं की आतलं तेल ताकासारखं पांढुरकं होतं, आणि त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा पाच-दहा रुपयांचं एक गोल रबर असतं. त्यामुळे रबराच्या बाबतीत मला कोणी शिकवायला नको, असा माझा समज होता. तो गेल्या हंगामात गेला.

पुतण्या पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगला नेतो. त्याने दसऱ्यानंतर २८,००० रुपयांचा कॅमेरा हप्त्यावर घेतला, वर पाण्यात न्यायची पारदर्शक पेटी वेगळी. तिला ही मुलं हाऊसिंग म्हणतात. 'काका, ह्या रबराक कायतरी लावूचा लागता, म्हणतत,' म्हणत पेटी माझ्या दुकानात घेऊन आला. माझ्याकडे प्रोपेलरच्या शाफ्टला लावायचं निळं ग्रीस डबाभर. पाण्याने धुपत नाही, खाऱ्याला दाद देत नाही. म्हटलं, याहून चांगलं काय असणार? बोटभर घेतलं आणि फासलं.

आठ दिवस सगळं ठीक चाललं. नवव्या दिवशी दुपारी फोन आला, 'काका, आत पाणी इला.' जेमतेम १२ फूट पाण्यात. कॅमेरा गेला आणि त्याच्याबरोबर पुण्याहून आलेल्या एका जोडप्याचे फोटोही गेले.

संध्याकाळी त्या पेटीतलं रबर मी पत्र्यावर ठेवलं आणि पेटीबरोबर आलेलं जादा रबर त्याच्यावर ठेवून पाहिलं. जुनं चहूबाजूंनी करंगळीच्या नखाएवढं बाहेर येत होतं. फुगलं होतं. हाताला बुळबुळीत आणि ढिलं लागत होतं. खोबणीत बसवलं की एका कोपऱ्यात त्याची कमान व्हायची, आणि झाकण दाबलं की तीच कमान चिमटीत सापडायची. तिथे रबरावर नखाने दाबल्यासारखा वळ उठला होता. पुतण्या रागावला नाही. एवढंच म्हणाला, 'काका, तुमी ग्रीस खयचा लावलात?'

संपादक महोदय, घोटाळा असा आहे. इंजिनातली काळी रबरं नायट्राइलची असतात. त्यांचा जन्मच तेलात राहण्यासाठी. कॅमेऱ्याच्या पेट्यांतलं रबर मात्र बहुधा सिलिकॉनचं असतं, करड्या, निळ्या किंवा तांबड्या रंगाचं. सिलिकॉन खनिज तेल पितं आणि फुगतं. माझं निळं ग्रीस खनिज तेलाचं आणि तुमचं व्हॅसलीनही त्याच घराण्यातलं. त्या रबराला पेटीच्या कंपनीने जी छोटी ट्यूब दिलेली असते तीच लावायची. बाजारातलं कुठलंही सिलिकॉन ग्रीस चालेल असंही समजू नका, कारण सिलिकॉनच्या रबराला काही सिलिकॉन ग्रीसही फुगवतात. खोबरेल तेल लावणारेही मी पाहिलेत. डिसेंबरच्या सकाळी ते गोठतं आणि खोबणीत त्याचे दाणे होतात, मग बसा कोरत.

आणि ग्रीस लावायचं म्हणजे किती? तांदळाच्या दाण्याएवढं पुष्कळ झालं. दोन बोटांच्या चिमटीतून रबर ओढत न्यायचं, ओलसर चमक आली की थांबायचं. पांढरे गोळे दिसले तर जास्त झालं. ग्रीस पाणी अडवत नाही, पाणी रबर अडवतं. ग्रीस फक्त रबराला खोबणीत सरकायला मदत करतं. थापून लावलं तर काय होतं ते सांगायला नको, किनाऱ्यावरची सगळी वाळू त्यालाच येऊन चिकटते. ज्या कॅमेऱ्यांना वेगळी पेटी लागत नाही, बॅटरीच्या दारालाच सील असतं, त्यांना तर बहुतेक कंपन्या ग्रीस लावूच नका म्हणतात. नुसतं पुसायचं.

आता खारट पाण्याबद्दल. आपल्या अरबी समुद्रात लिटरमागे ३५-३६ ग्रॅम मीठ असतं. तांबड्या समुद्रात ४० च्या आसपास आहे, आणि तिथे जगभरचे लोक कॅमेरे घेऊन बुड्या मारतात. मालवणच्या पाण्याला उगाच बदनाम करू नये. कॅमेरा बुडवतो तो किनाऱ्यावरचा आणि होडीतला आपला हात.

माझ्याकडे आता असल्या पेट्या येऊ लागल्या आहेत. अपघाताची बातमी गावात पसरली आणि उलट गिऱ्हाईक वाढलं, काय म्हणावं! बॅटरीच्या उजेडात खोबण बघतो. कधी टॉवेलचा धागा, कधी इथल्या चिवला किनाऱ्याच्या वाळूचा कण, बरेचदा केस. केस मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक, पण रबरावर आडवा पडला की त्याच्या दोन्ही कडांना बोगदा तयार होतो. मिठाचा खडा तर पक्का चोर. झाकण बंद करताना तो रबराखाली असतो आणि पाण्यात विरघळून जातो. मागे वाट राहते, चोर सापडत नाही. मग लोक म्हणतात, 'रबर तर साफ होतं हो!'

आणखी एक गोष्ट पर्यटकांना पटतच नाही. त्यांना वाटतं खोल गेलं की गळतं. दर १० मीटरला चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलो दाब वाढतो. झाकण ८ बाय १० सेंटिमीटरचं धरलं तर १० मीटरवर त्याच्यावर ८० किलो, म्हणजे दीड पोत्याहून जास्त सिमेंट. एवढं वजन झाकणाला पेटीवर दाबून धरतं आणि रबर खोबणीत घट्ट रेटतं. खोबण रबरापेक्षा जराशी रुंद ठेवतात ती त्यासाठीच, दाबाखाली रबराला हलायला जागा हवी. नील्स क्रिस्टेन्सन नावाच्या डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या माणसाने १९३७ साली या जोडणीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हापासून ही युक्ती बदललेली नाही. पण पाण्याच्या वरच्या हातभर थरात हे वजन नसतं. तिथे झाकण फक्त त्या प्लॅस्टिकच्या कडीच्या भरवशावर. म्हणून जी पेटी गळायची असते ती बरेचदा उतरताना पहिल्या दोन मिनिटांतच गळते, जेव्हा माणूस मास्क नीट करण्यात गुंतलेला असतो.

म्हणून पुतण्याला मी लावलेली शिस्त अशी. रात्री जेवण झाल्यावर घरात पंखा बंद करून झाकण उघडायचं. रबर बोटांनी चिमटून वर उचलायचं किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने. टाचणी आणि स्क्रूड्रायव्हर लावलेला चालणार नाही, त्याने खोबणीला ओरखडा पडतो, आणि तो बदलून मिळत नाही. पुसायला कापूस नको, त्याचे तंतू राहतात. मग पेटीत कॅमेऱ्याऐवजी कोरडा टिश्यू पेपर ठेवून ती बादलीत बुडवून धरायची. सुरुवातीला बाहेरून चिकटलेले दोन-चार बुडबुडे सुटतात, ते सोडून द्या. एकाच जागेवरून माळ सुटली तर सकाळी पेटी घरीच. कागद कोरडा निघाला तर कॅमेरा आत घालायचा, झाकण लावायचं आणि परत घरी येईपर्यंत उघडायचं नाही.

शेवटचं हे वाक्य पाळणं सगळ्यात कठीण. होडीत दुपारी बाराला कोणाला तरी मेमरी कार्ड बदलायचं असतं. केसांतून पाणी गळतंय, बोटांना सनस्क्रीन, पायाशी वाळू, आणि हा झाकण उघडतो. वर दमट हवा आत कोंडली जाते ती निराळीच. पाण्यात काच गार पडली की आतून वाफ धरते आणि लगेच ओरड सुरू, 'गळला, गळला!' तो गळलेला नसतो. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी आत टाकली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. वापरलेली पुडी मात्र पाण्यात फेकू नका. इथला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

मोबाईलवाल्यांसाठी दोनच ओळी. जाहिरातीतलं आयपी ६८, म्हणजे फोनमध्ये धूळ-पाणी शिरत नाही असं सांगणारं मानांकन, हे गोड्या, स्थिर पाण्यातल्या चाचणीवरून दिलेलं असतं. होडीवरून उडी मारणं आणि चार्जिंगच्या भोकात मीठ सुकणं त्यात धरलेलं नसतं.

एवढं करूनही पाणी शिरलंच तर पेटी हलवू नका. पाणी साचलेली बाजू खाली धरून वर या, कॅमेरा बंद करा, बॅटरी काढा. बॅटरी गरम लागली तर ती घरात किंवा गाडीत ठेवू नका, खारं पाणी लागलेली लिथियमची बॅटरी पेटूही शकते. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. तांदूळ मीठ काढत नाही, आणि कॅमेऱ्याला खातं ते मीठच.

आता माझी मागणी, कारण नुसत्या तक्रारीसाठी एवढं कोण लिहितं. पाण्यातून वर आल्यावर पेटी सुकण्याआधी गोड्या पाण्यात बुडवून ठेवायला हवी. किमान अर्धा तास, आणि बुडलेली असतानाच तिची सगळी बटणं दहा-दहा वेळा दाबायची. प्रत्येक बटणाच्या दांडीवरही एक इवलंसं रबर असतं आणि मीठ तिथेच दडून बसतं. पण आमच्या होड्यांत गोडं पाणी असतं ते प्यायच्या बाटलीत. समोर किल्ल्यावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी, भर समुद्रात. आणि तिथे माणसं नेणाऱ्या होडीत एक बादली असू नये? पर्यटकांना पाण्यात उतरवणाऱ्या सगळ्या होडीवाल्यांनी झाकणाची एक बादली ठेवावी. खर्च दोनशे रुपये. पुतण्याने ठेवली आहे. पहिल्याच दिवशी एकाने तिच्यात वाळूचे पाय धुतले, म्हणून तिच्यावर आता ऑइलपेंटने लिहिलंय, 'फक्त कॅमेरा. पाय न्हय.'

होडीवाल्या भावांना आणखी एक. जूनपासून हंगाम बंद होतो तेव्हा पेट्या कडी लावून फळीवर टाकू नका. तीन महिने दाबून राहिलेलं रबर चपटं होतं आणि पुन्हा गोल होत नाही. रबर काढून स्वच्छ पिशवीत ठेवा, झाकण नुसतं टेकवा. हंगामाच्या सुरुवातीला नवं घाला. कंपन्याही वर्षाला एकदा बदला असंच सांगतात, आणि रबराची किंमत एका पर्यटकाच्या फेरीतून सुटते.

आपल्याकडून एवढंच हवं, की येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच जागी, व्हॅसलीनची सूचना चुकीची होती असं छापावं. चूक कबूल करायला लाज वाटत असेल तर माझ्या दुकानात या. ते फुगलेलं रबर मी खिळ्याला टांगून ठेवलंय, शेजारी नवं. गिऱ्हाईक विचारतं, हे काय, तेव्हा सांगावं लागतं की हे मीच केलं.

आपला,
एक आउटबोर्ड मेकॅनिक, मालवण