‘दादा, गेम टाकून द्या’ : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आधी कबुली देतो. वीसेक वर्षांपूर्वी मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून गेमच्या डुप्लिकेट सीड्या आणायचो. ‘दादा, व्हाइस सिटी टाकून द्या’ म्हणत पोरं दारात उभी. अँटिव्हायरस बंद करायचा, क्रॅक, म्हणजे गेमचं कुलूप तोडणारी फाइल, टाकायचा, पन्नास रुपये घ्यायचे. एकदा त्या क्रॅकमधून व्हायरस शिरला आणि एका गिऱ्हाइकाच्या बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. फुकटात दुरुस्ती केली, फोटो काही आले नाहीत.

कॉपीराइट कायद्यात तीन वर्षांपर्यंतची कैद तेव्हाही होती. माझा तो धंदा तिने बंद पाडला नाही. 2015 मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने रुपयांत भाव लावले, पुढे यूपीआय आलं, आणि सेलमध्ये दोनशे-तीनशेत खरा गेम मिळू लागला, आपोआप अपडेट होणारा. क्रेडिट कार्ड कधी न पाहिलेला बारावीचा पोरगा आता माझ्यासमोर क्यूआर स्कॅन करतो.

स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीचे गेब न्यूवेल यांनी 2011 मध्येच सांगितलं होतं की पायरसी, म्हणजे चोरून वापरणं, हा बहुतेक वेळा किमतीचा नसून सेवेचा प्रश्न असतो. मला अर्धंच पटतं. नवा मोठा गेम चार-पाच हजारांना असतो. तेवढ्यात मी जुना पीसी उभा करून देतो.

पण वाड्यावस्त्यांवर त्यांचं म्हणणं तंतोतंत लागू पडतं. जीटीए फाइव्ह हा गेम शंभर जीबीच्या वर. फायबर इंटरनेट नाही, मोबाइलला दिवसाला दोन जीबी. करा हिशेब, पन्नास दिवस! चोरीचा ‘रीपॅक’ मात्र दाबून लहान केलेला, मित्राच्या पेनड्राइव्हवर हजर. पैसे मोजणाऱ्यालाच हाल जास्त, हे उलटं आहे.

तेव्हा फायबर घरापर्यंत येऊ द्या. दुसरं, छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर जीएसटी 5 टक्के आणि गेमवर 18. जीएसटी परिषद तुमच्या एकट्याच्या हातात नाही, ठाऊक आहे, पण निदान इथे बनलेल्या गेमसाठी शब्द टाका. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीने 2020 मध्ये ‘राजी’ गेम काढला, तसल्यांसाठी.

परवाच एक पोरगा ‘राजी टाकून द्या’ म्हणत आला. म्हटलं, विकत घे. म्हणाला, ‘घेतो, पण डाउनलोड तुमच्या वायफायवर करू द्या.’ लॅपटॉप मांडीवर घेऊन दुकानाच्या पायरीवर बसला होता, दिवेलागणीपर्यंत.

आपला नम्र,
एक दुकानदार